मन्यास्तंभ आणि मोबाईल : कोनापेक्षा काळाचा विचार

मन्यास्तंभ हा व्याधी आपणांपैकी कोणासही अपरिचित नाही. मात्र पूर्वी तो ज्या वयात आणि ज्या व्यवसायांत आढळत असे, ते वय व ते व्यवसाय गेल्या काही वर्षांत पार बदलून गेले आहेत. डोक्यावर ओझी वाहणारा हमाल, शिलाईयंत्रावर वाकलेला शिंपी, दिवसभर खतावणीत मान घालून बसलेला मुनीम, असे रुग्ण मान धरली म्हणून चिकित्सालयाची पायरी चढत आणि त्यांची चाळिशी बहुधा उलटलेली असे. आज मालेगावात बारावीच्या अभ्यासात गढलेली मुलगी, यंत्रमागावरील विशीतला कारागीर, मुंगसे बाजारात लिलावाची वाट पाहत ट्रॉलीच्या सावलीत मोबाईल घेऊन बसलेला कांदा उत्पादक आणि गल्ल्यावरचा तरुण दुकानदार हे सारे जवळजवळ एकच लक्षणसमुच्चय घेऊन येतात. मानेमागे जडपणा, खांद्यांवर ओढ, अंसफलकाच्या वरच्या कोपऱ्यात नेमके बोट ठेवून दाखवता येईल अशी टोचणी, संध्याकाळी डोक्याच्या मागील भागी शूल, आणि काहींना अंगठ्याच्या मुळाशी वेदना.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत शाळाही मोबाईलवर आली. या दोन घटनांनी मोबाईल हातातून खाली ठेवण्याची वस्तू राहिला नाही. त्याचे मनावर व नेत्रांवर होणारे परिणाम हा स्वतंत्र विषय आहे. प्रस्तुत लेखात केवळ अंगस्थिती आणि पेशी यांचाच विचार करावयाचा आहे, आणि तोही आपल्या चिकित्सालयात व औषधी दुकानात उपयोगी पडेल एवढ्याच बेताने.

पेशींचे कर्म आणि मानेचा भार

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात पेशींची संख्या ५०० सांगितली असून त्यांपैकी ४०० शाखांत, ६६ कोष्ठात व ३४ ग्रीवेपासून वर मानल्या आहेत. या ३४ पैकी प्रत्यक्ष ग्रीवेच्या वाट्याला केवळ ४ येतात. आधुनिक शारीरात मानेच्या पेशी याहून पुष्कळ अधिक मोजल्या जातात. हा गणनापद्धतीतील भेद आहे, त्यावर येथे वाद नको. चिकित्सकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पेशींचे सांगितलेले कर्म. सिरा, स्नायू, अस्थी, पर्व व संधी यांना पेशी आच्छादून राहतात म्हणूनच ती बलवान असतात, असा आचार्यांचा अभिप्राय आहे. पेशी थकली की तिने झाकलेली ही सर्व अंगे उघडी पडतात, हे त्यातून आपोआप निघते.

प्रौढ माणसाचे डोके सुमारे ५ किलो वजनाचे असते. ते कण्यावर तोललेले असताना मागील पेशींना फारसे श्रम नसतात. मान पुढे झुकली की तोच भार कण्यापासून दूर जातो आणि मागील पेशींना तो दोरीने ओढून धरावा लागतो. विहिरीवर पोहरा काठाजवळ धरणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक, तोच येथे. ट्रॅपेझियसचा वरचा भाग आणि लेव्हेटर स्कॅप्युली या पेशी हा ताण प्रामुख्याने सोसतात. लेव्हेटर ही पेशी मानेच्या पहिल्या चार मणक्यांपासून निघून अंसफलकाच्या वरच्या आतील कोपऱ्यास चिकटते; रुग्ण जेथे बोट ठेवतो ती जागा हीच. उलटपक्षी मानेच्या पुढील बाजूस, अन्ननलिकेच्या मागे, कण्याला लागून असलेल्या खोल पेशी काम न मिळाल्याने दुर्बल होतात. प्राग येथील व्लादिमीर यांडा यांनी मागील व छातीवरील पेशी आखडणे आणि त्यांच्या समोरासमोरील पेशी शिथिल होणे, ही फुलीच्या आकाराची मांडणी वर्णिली होती व तिला अप्पर क्रॉस्ड सिंड्रोम असे नाव दिले. ती मोबाईलच्या पुष्कळ आधीची आहे, परंतु आजच्या रुग्णास जशीच्या तशी लागू पडते. खांदे पुढे आलेले, छाती आत गेलेली, हनुवटी पुढे: दारातून आत येतानाच निदानाचा निम्मा भाग दिसून जातो.

कोन की काळ?

आपल्याकडील अनेक चिकित्सालयांत एक चित्र भिंतीवर लावलेले असते. मान जितकी वाकेल तितके डोक्याचे वजन वाढते, असे त्यात दाखवलेले असते. या चित्राचे मूळ न्यूयॉर्क येथील कण्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांच्या २०१४ मधील लेखात आहे. त्यांनी मान १५ अंश वाकल्यास सुमारे १२ किलो, ३० अंशांस १८, ४५ अंशांस २२ आणि ६० अंशांस २७ किलो इतका भार ग्रीवाकशेरुकांवर येतो असे गणित मांडले. हे गणित संगणकीय प्रतिकृतीवरील आहे; जिवंत माणसांच्या मानेत यंत्र बसवून केलेले मापन नव्हे, आणि त्यात वेदनेची मोजदाद मुळीच नाही. रुग्णाला भीती दाखवून तेलाच्या बाटल्या खपवण्यास हे चित्र सोयीचे आहे. परंतु त्यापुढे काय घडले हे आपण वाचले पाहिजे.

२०१८ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे १८ ते २१ वयाच्या १५० तरुणांची पाहणी झाली. मोबाईल पाहताना मान अधिक वाकवणाऱ्यांना मानदुखी अधिक होते, असे तीत आढळले नाही. २०२१ मध्ये तेथीलच संशोधकांनी ५८२ प्रौढांच्या मानेचा कोन उपकरणाने मोजला. त्याही वेळी कोन आणि वेदना यांचा संबंध दिसून आला नाही. स्वीडनमध्ये २० ते २४ वयाच्या सुमारे ७००० तरुणांचा पाच वर्षे मागोवा घेऊन २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत मोबाईलवर सतत संदेश लिहिणे आणि आधीपासून चालू असलेली मान व हाताची वेदना यांचा संबंध मिळाला. ज्यांना प्रारंभी त्रास नव्हता त्यांच्यात मात्र नवा विकार उत्पन्न होण्याशी असलेला संबंध मर्यादित, मुख्यतः वर्षभरात हाताबोटांना येणाऱ्या बधिरतेपुरता दिसला.

मग आपले रुग्ण खोटे बोलतात काय? मुळीच नाही. या पाहण्यांतून एवढेच सूचित होते की मान किती वाकली हा एकटा हेतू पुरेसा नाही. मान वाकते हे दोष नव्हे. वाकण्यासाठीच तिला संधी दिलेले आहेत. भात लावणारी स्त्री वाकते, विणणारा वाकतो, पोथी वाचणारा वाकतो. वाकलेली मान कितीही काळ हलत नाही, हा मोबाईलचा विशेष आहे.

पेशीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की हलक्या पण अखंड आकुंचनात तिच्यातील ठराविक लहान तंतूच सतत कामाला जुंपलेले राहतात. स्वीडनमधील गोरान हॅग यांनी १९९१ मध्ये या तंतूंना परीकथेतील सिंड्रेलाची उपमा दिली. आपल्याकडे सर्वांआधी उठून सर्वांनंतर निजणारी सासुरवाशीण म्हटले तरी चालेल. मोठे ओझे उचलताना बलवान तंतू कामास येतात आणि ओझे ठेवताच विसावतात. या लहान तंतूंना मात्र पेशी पूर्ण सैल सोडल्याशिवाय विश्रांती नाही. त्यातच मान अगदी छातीपर्यंत टेकवून बसले की मागील पेशी जवळजवळ स्तब्ध होतात आणि सारा भार मागील बंधनांवर लोंबकळतो. अशा वेळी रुग्णाला दुखत नाही, उलट बरे वाटते. बंधने हळूहळू ताणली जातात आणि उठताना मान सरळ करताना कळ येते. सोफ्यावर अंग सैल सोडून तासभर मोबाईल पाहणारा हा रुग्ण होय. मी तर आरामात बसलो होतो, असे तो प्रामाणिकपणे सांगतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तिस्रैषणीय अध्यायात कर्माच्या मिथ्यायोगाची जी उदाहरणे येतात, त्यांत शरीराच्या अंगांची विषम ठेवण, म्हणजेच विषम अंगप्रणिधान, स्पष्टपणे उल्लेखिले आहे. त्याच अध्यायात फार जवळचे पाहणे हा चक्षुरिंद्रियाचा मिथ्यायोग म्हटला आहे. वितीवरचा पडदा पाहत स्तब्ध बसलेल्या माणसात हे दोन्ही एकत्र आहेत. यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही. आपल्या केसपेपरवर हेतूच्या रकान्यात हीच दोन पदे लिहावीत.

ऊर्ध्वनिरीक्षण आणि मालेगावचा शुक्रवार

सुश्रुतसंहितेत मन्यास्तंभाचे हेतू म्हणून दिवास्वप्न, असम स्थान आणि विपरीत रीतीने वर पाहणे ही सांगितली असून, श्लेष्म्याने आवृत झालेला वायू हा व्याधी उत्पन्न करतो अशी संप्राप्ती दिली आहे. माधवनिदानात तीच स्वीकारलेली आहे. येथे विद्यार्थी नेहमी विचारतात की आचार्यांनी वर पाहणे सांगितले, आमचे रुग्ण तर खाली पाहतात.

मालेगावकरांना याचे उत्तर अनुभवाने सापडते. यंत्रमागांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी आणि त्या दिवशी चित्रपटगृहांत गर्दी, ही या गावाची जुनी ओळख आहे. फैजा अहमद खान यांच्या २००८ मधील माहितीपटाने येथील चित्रपटवेड बाहेरच्या जगालाही कळले. स्वस्त तिकीट पडद्याजवळच्या रांगांचे असे, आणि तेथे मान मागे टाकून, वर पाहत, दोन-तीन तास बसावे लागे. ऊर्ध्वनिरीक्षणाचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. तरी त्या खेळाला मध्यंतर असे. लोक उठत, बाहेर जात, चहा घेत, मान इकडेतिकडे करीत, मागच्या रांगेतील ओळखीच्यांना हाका मारीत. आता तोच प्रेक्षक तोच चित्रपट तुकड्यातुकड्यांनी तळहातावर पाहतो आणि एक तुकडा संपण्याआधी दुसरा सुरू झालेला असतो. दिशा बदलली, मध्यंतर मात्र नाहीसे झाले.

शिवाय ऊर्ध्वनिरीक्षण पूर्णपणे गेलेले नाही. कुबड काढून बसलेल्या माणसाची मान खालच्या भागात पुढे झुकते आणि नजर समोर राखण्यासाठी वरच्या भागात मागे मोडते. कवटीच्या तळाशी असलेल्या लहान पेशी तेथे आखडतात व पश्चिमशिरःशूल त्यातून येतो. रात्री उताणे निजून दोन्ही हातांनी मोबाईल डोळ्यांवर धरणारा, किंवा पलंगाच्या कडेवरून डोके मागे सोडून पाहणारा तरुण तर शब्दशः सुश्रुतोक्त हेतू सेवन करीत असतो. म्हणून प्रश्न विचारताना मोबाईल किती वेळ पाहता एवढेच विचारून भागत नाही. तो कोठे आणि कसा धरता, हे रुग्णाच्या हातात त्याचाच मोबाईल देऊन करून दाखवायला सांगावे. रुग्ण जे सांगतो आणि जे करून दाखवतो त्यांत बहुधा मेळ नसतो.

जांभईचा वेग

या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग मला वेगधारणाचा वाटतो. जृंभा व निद्रा हे दोन्ही अधारणीय वेग आहेत. चरकाचार्यांनी जृंभेचा वेग अडवल्याने विनाम, म्हणजे शरीर पुढे वाकणे, तसेच आक्षेप, संकोच, सुप्ती व कंप होतात असे म्हटले आहे. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात जृंभोपघाताने मन्या व गळा यांचा स्तंभ आणि शिरोविकार सांगितले आहेत. जांभईला शिष्टाचार म्हणून दाबणे एवढाच अर्थ आपण आजवर घेत आलो.

रात्री साडेअकरानंतर मोबाईल पाहणाऱ्या माणसाकडे नीट पाहावे. जांभई येते; ती अर्धवट तोंडातच विरते, कारण डोळे मिटले तर दृश्य चुकते आणि हात ताणायचे तर मोबाईल खाली ठेवावा लागतो. आळोखेपिळोखे देणे हा तर थकलेल्या पेशीने स्वतःच मागितलेला उपचार आहे. मान मागे जाते, खांदे उघडतात, छाती रुंदावते, आखडलेला प्रत्येक तंतू ताणून सैल होतो. मांजर दिवसातून कितीदा हे करते ते पाहावे. तिला मन्यास्तंभ झाल्याचे ऐकिवात नाही. मोबाईलधारी माणूस नेमका हाच वेग रोज रात्री अडवतो, त्यावर निद्रावेगधारण करतो आणि सकाळी अंगमर्द, शिरोगौरव व नेत्रगौरव घेऊन उठतो. ही सर्व लक्षणे निद्रावेगधारणातच वर्णिलेली आहेत. अशा रुग्णाच्या मानेवर कितीही तेल घातले तरी हेतू रोज रात्री नव्याने घडत असतो.

मागावरची मान आणि अंगठा

मालेगावच्या वैद्याला यंत्रमाग कारागिराचा वेगळा विचार करावाच लागतो. बारा-बारा तासांच्या पाळ्या, उभे राहून काम, विणले जाणाऱ्या कापडावर खाली लागलेली नजर. असे असूनही त्याची मान चालती असते, कारण धोट्यातील कांडी संपते, तार तुटते, एका मागावरून दुसऱ्याकडे जावे लागते. त्या कष्टाने मान थकते; पण ती थिजत नाही. थकलेली ही मान विश्रांतीच्या वेळी मोबाईलसमोर तास-दीड तास थिजवली जाते. म्हणजे श्रमाची भरपाई म्हणून जो विसावा मिळायचा, तोच हिरावला जातो.

रातपाळीच्या कारागिरात आणखी एक हेतू मिळतो. तो सकाळी भरपेट जेवून निजतो. दिवास्वप्न हा मन्यास्तंभाचा पहिलाच हेतू आहे. परंतु रात्री जागलेल्यास दिवसा झोपूच नका असे सांगणे अव्यवहार्य आणि अशास्त्रीय दोन्ही आहे. वाग्भटाचार्यांनी रात्री जितके जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, उपाशीपोटी झोपण्यास अनुमती दिली आहे. घरी येऊन आधी झोप, नंतर जेवण, एवढा क्रम पालटण्यास सांगितले तर कारागीर ते ऐकतो. काही आठवड्यांत सकाळचा जडपणा कमी झाल्याचे तोच सांगतो.

अंगठ्याचेही तसेच. तुटलेली तार जोडताना अंगठा व तर्जनी यांनी दिवसभर गाठी मारल्या जातात. त्याच अंगठ्याने रात्री पडदा वर सरकवायचा. अंगठ्याला बाहेर नेणाऱ्या व ताठ करणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या बाजूस एकाच अरुंद आवरणातून जातात. तेथे शोथ झाला की स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हें यांनी १८९५ मध्ये वर्णिलेला विकार होतो. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यास तीव्र कळ येते. ही परीक्षा फिंकेलस्टाइन यांच्या नावाने शिकवली जाते, वास्तविक ती आयकॉफ यांची आहे. हा विकार मानेतून उतरणाऱ्या विश्वाचीपासून वेगळा ओळखणे अगत्याचे, कारण एकात उपचार मनगटावर व दुसऱ्यात मानेवर करावयाचा असतो. अंगठ्याच्या विकारात पहिला उपाय मोबाईल टेबलावर ठेवून तर्जनीने चालवणे हाच होय. स्थानिक स्नेहन, उपनाह, रात्री अंगठा स्थिर ठेवणारा पट्टा यांनी बहुतेकांना उतार पडतो. हट्टी वेदनेत अनेक वैद्य अग्निकर्म करतात. क्षिप्र मर्माच्या जागी, अंगठा व तर्जनी यांच्या मध्ये, जोरकस मर्दन मात्र टाळावे.

आधी रूक्ष, मग स्निग्ध

चिकित्सेत आपल्या व्यवसायबंधूंशी माझा एक स्पष्ट मतभेद आहे. मान दुखते म्हटले की ग्रीवाबस्ती, असा प्रघात पडत चालला आहे. सात दिवसांचा ठरीव कार्यक्रम सर्वांना सारखाच. चक्रदत्तात मन्यास्तंभासाठी पंचमूळ किंवा दशमूळ यांचा क्वाथ, रूक्ष स्वेद आणि नस्य सांगितले आहे. रूक्ष हा शब्द तेथे निष्कारण आलेला नाही. वायू श्लेष्म्याने आवृत असताना वरून कोमट तेल साठवून ठेवल्यास जडपणा वाढतो. रुग्ण पहिल्या दिवशी सुखावतो व तिसऱ्या दिवशी मान अधिकच जड झाल्याची तक्रार करतो.

म्हणून अवस्था पाहावी. सकाळी अधिक स्तंभ, थंडीने किंवा कूलरच्या झोताने वाढ, गौरव, जिभेवर लेप, भूक मंद, अशा रुग्णास प्रथम वालुकापोटलीने दहा-पंधरा मिनिटे रूक्ष स्वेद द्यावा, दशमूळाचा ताजा क्वाथ द्यावा आणि नस्याची योजना करावी. शेक मानेमागे व खांद्यांवरच असावा. मानेच्या दोन्ही बाजूंस धमन्यांवर व मन्या मर्मावर तो देऊ नये. मधुमेही रुग्णाची त्वचा बधिर असल्यास पोटली आपल्या हातावर पारखूनच वापरावी. जडपणा उतरून तोद, शुष्कता, थकवा एवढेच उरले की मग अभ्यंग, ग्रीवाबस्ती, महानारायण किंवा माष तेल. खांद्याची पेशी सुकत चालली असल्यास, म्हणजे अवबाहुकाकडे कल असल्यास, बृंहणाशिवाय गत्यंतर नाही. नित्य उपयोगासाठी अणुतेलाचा प्रतिमर्श नस्य, दोन थेंब, मोबाईलवर काम करणाऱ्या प्रत्येकास हितकर आहे.

पेशींचे बल औषधाने परत येत नाही, हेही मान्य करावे. हनुवटी आत ओढून मान लांब करणे, दोन्ही अंसफलक एकमेकांजवळ आणणे, भिंतीला पाठ टेकवून हात वर नेणे, ही साधी कर्मे रोज दोन-तीनदा, अर्धशक्तीच्या मर्यादेत करवून घ्यावीत. ती तोंडी सांगून भागत नाही. चिकित्सालयातच एकदा करून घ्यावी लागतात. मोबाईल छातीच्या उंचीवर, कोपरांना आधार देऊन धरावा, आणि दर वीस मिनिटांनी उठावे. वीस हा आकडा पवित्र नाही. मध्यंतर पवित्र आहे.

औषधी विक्रेत्या बंधूंसाठी

मानदुखीचा रुग्ण वैद्याकडे येण्यापूर्वी पुष्कळदा आपल्या काउंटरवर आलेला असतो. तेथे तीन गोष्टी कृपया लक्षात ठेवाव्यात. दशमूळ क्वाथाची चिठ्ठी असता दशमूलारिष्टाची बाटली पुढे करू नये. भरड संपली असेल तर तसे सांगावे. क्वाथ व अरिष्ट यांचे गुण एक नव्हेत. आपल्या गावात याला आणखी एक बाजू आहे. संधानाने अरिष्टात स्वयंभू मद्यांश येतो, आणि अनेक मुस्लिम रुग्ण तो घेऊ इच्छित नाहीत. त्यांनी विचारल्यास खरे उत्तर द्यावे व भरड द्यावी. रमजानमध्ये बहुतेक रुग्ण रोज्याच्या वेळी नाकात औषध घालत नाहीत. नस्याची वेळ इफ्तारनंतर, जेवण पचण्यास अवधी देऊन सुचवावी. दिवसा बाह्य शेक व अभ्यंग चालू राहू शकतो.

मानेचा पट्टा मागणाऱ्यास तो किती दिवस वापरणार हे विचारावे. तीव्र वेदनेत दोन-चार दिवस त्याचा आधार ठीक. महिनोन्महिने पट्टा बांधणाऱ्याच्या ग्रीवापेशी आयत्या आधारावर दुर्बल होतात आणि पट्टा सुटला की वेदना दुप्पट होते.

पुढील रुग्णांना मात्र तेलाची बाटली न देता तत्काळ वैद्याकडे किंवा रुग्णालयात धाडावे. वेदना हातात उतरून बोटे बधिर झालेली, मूठ सैल पडलेली, चालताना तोल जाणारा, मान वाकवताच पाठीतून विजेचा झटका जाणारा, मूत्रवेगावर ताबा न राहिलेला, ज्वर किंवा आघातानंतर मान धरलेला. कारागिराच्या बाबतीत एक सोपी खूण आहे. जो वर्षानुवर्षे डोळे झाकून तार जोडतो, त्याला अलीकडे गाठ मारता येईनाशी झाली असेल, तर ते अंगठ्याच्या थकव्याचे लक्षण समजू नये; सुषुम्नेवर दाब येत असल्याची ती पहिली सूचना असू शकते. एमआरआयसाठी पाठवण्यात वैद्याचा कमीपणा नाही. उलट चाळिशीनंतरच्या साध्या क्ष-किरण चित्रात मणक्यांना वाढ दिसली म्हणून रुग्णास घाबरवू नये. ती वेदना नसलेल्या पुष्कळांतही दिसते.

केशकर्तनालयात मान मोडून घेणे हा प्रकार मोसमपुलाच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, सर्वत्र चालतो. कडकन आवाज झाला की गिऱ्हाईक खूश. शिर व ग्रीवा यांच्या सांध्यावर कृकाटिका ही दोन मर्मे असून तेथील आघाताने डोके डळमळते असे सुश्रुतोक्त आहे. आधुनिक वैद्यकात अशा झटक्याने कशेरुका धमनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. मान मोडल्यानंतर भोवळ, द्विधा दृष्टी किंवा बोलण्यात अडखळ आल्यास तो रुग्ण आपला नव्हे. त्यास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात हलवावे.

सात दिवसांनी रुग्ण परत आला की पहिला प्रश्न वेदनेचा विचारू नये. रात्री मोबाईल कोठे होता, हे विचारावे. उत्तर उशीखाली असे आले, तर पुढील आठवड्याचे तेल लिहिण्याआधी चार्जर निजण्याच्या खोलीतून ओसरीवर हलवण्यास सांगावे, आणि ते घरातील वडीलधाऱ्यांच्या देखत सांगावे.